बेबाबाईचा सुपडू

राजकोट
२० नोव्हेंबर १९८८

अक्का,

पाया पडतो. तुझं कार्ड मिळालं. मी बरा आहे, जेवण इथे गोड असतं, डाळीतसुद्धा गूळ टाकतात, पण पोट भरतं. काम ओतकामाच्या कारखान्यात लागलं. लोखंडाचा रस करतात आणि वाळूच्या साच्यात ओततात, त्याचे इंजिनाचे भाग होतात. सुरतपेक्षा बरं आहे. तिथल्या लूमच्या आवाजाने डोकं फिरायचं.

आता नीट वाच. यापुढे पाकिटावर माझं नाव सुनील लिहायचं. सुनील वना पाटील. आणि कार्ड पाठवायचं नाही, बंद पत्र पाठवायचं.

का म्हणशील तर ऐक. सुपाला इथल्या भाषेत सूपडू म्हणतात. आपण ज्याने ज्वारी पाखडतो ते. म्हणजे मी कुठेही जाऊन नाव सांगितलं की लोकांना वाटतं या माणसाचं नाव झाडू किंवा उखळ आहे. सुरतला सगळ्यांनी मला पाखडूनच काढलं. "एला सूपडा, थोडा घउं साफ करी दे." म्हणून इथे आल्या आल्या सुनील सांगितलं. मिस्त्रीपण सुनीलभाई म्हणायला लागला होता. तेवढ्यात तुझं कार्ड आलं. पोस्टमन अंगणात उभा राहून ओरडला, "आ सूपडू कोण छे?" सगळे पोट धरून हसले. एकजण म्हणाला, माझ्या बायकोने मागवलंय, इकडे दे. मी साचा ठोकत राहिलो. वर बघितलं नाही. कार्ड वॉचमनच्या टेबलावर पडून राहिलं, सगळे गेल्यावर उचललं. तरी वॉचमनने बघितलं असं मला वाटतं. तो हल्ली माझ्याकडे बघून मिशीत हसतो.

एक विचारतो. तुझं नाव यशोदा, देवादिकांचं. माझं नाव घरातल्या सामानाचं. हे कोणी ठरवलं? बाप असता तर त्याला विचारलं असतं. तू मायला विचार.

तुझा,
सुनील


धरणगाव
४ डिसेंबर १९८८

चि. सुपडू,

आशीर्वाद. पाकिटावर सुनील लिहिलं आहे. आत लिहिणार नाही.

मायला तुझं पत्र वाचून दाखवलं. सुनील ऐकल्यावर म्हणाली, "हाऊ सुनील कोन शे? आपला घरमा ते कोनी सुनील नही." मी समजावलं तर उठून गेली. दुपारची भाकरी तशीच ठेवली. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, "नाव टाकू नको, सांग त्याले. दुसरं काही बी सोड म्हना, नाव नको."

कोणी ठरवलं म्हणून विचारलंस. काही गोष्टी कागदावर आणायच्या नसतात. आखाजीला ये, समोर बसून बोलू. तुझे दाजी म्हणतात, आखाजीच्या सणाला जावई माणसापेक्षा साला घरी आलेला बरा, झोके बांधायला उपयोगी पडतो. 

माय बरी आहे. कापूस वेचायला जाऊ नको म्हटलं तरी जाते.

तुझी,
अक्का


राजकोट
२१ डिसेंबर १९८८

अक्का,

हे पत्र मायला वाचून दाखवायचं नाही. तिने विचारलं तर म्हण, थंडी फार आहे असं लिहिलंय.

तुझं पाकीट आधी एकदा चिकटवून परत उघडलेलं होतं. डिंकाचे दोन थर मला दिसले. आणि "आखाजीला ये"च्या वरची एक ओळ खोडलेली आहे. साधी नाही, निब मोडेपर्यंत खोडली आहे. मी ती भट्टीच्या उजेडासमोर धरून बघितली. काही लागलं नाही. काय होतं त्यात?

इथे सोनगीरचा एकजण आहे, लोटन. आपल्याकडचा म्हणून जीव लागला. त्याला एकट्याला मी खरं नाव सांगितलं. तो हसला नाही, तेच मला खटकलं. म्हणाला, "मी लोटन, तू सुपडू, आपण दोघं एकाच दुकानातला माल." मग सांगायला लागला. त्याच्या आधीची भावंडं गेली म्हणून त्याला जन्मल्यावर धुळीत लोळवला, म्हणून लोटन. आणि ज्याचं नाव सुपडू, त्याला सुपात घालून परक्या बाईला देऊन टाकलेलं असतं. मी म्हटलं, मग परत घेतात ना? म्हणाला, बहुतेक घेतात. आमच्या गावात एक सुपडू होता, त्याचं शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. मी एकेक आठवत बसतो. मायने मला कधी मांडीवर घेतलेलं तुला आठवतं का? मला नाही आठवत. तुझी वेणी घालायची, तुला जत्रेत बांगड्या. मी पडलो, गुडघा फुटला, तर लांबूनच म्हणायची, ऊठ रे. शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा गुरुजींनी विचारलं, कोणाचा गं हा? माय म्हणाली, "बेबाबाईना शे. मी नुसता संभाळस." गुरुजी हसले, मीपण हसलो. मला वाटलं थट्टा आहे. नंतर ती वाण्याच्या दुकानात, गिरणीत, सगळीकडे तेच म्हणायची.

बेबाबाई शेजारची. तिची सात पोरं, सातही काळी आणि दणकट. मी पण काळा. तू आणि माय गोऱ्या. दर आखाजीला माझ्या अंगावर बेबाबाईच्या पोरांचे वापरलेले कपडे, तुझ्या अंगावर कोरं परकर-पोलकं. बेबाबाई जळगावला मुलाकडे राहायला गेली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली. माय दारात उभी होती, ती रडली नाही.

आता तू सांग. मी कोणाचा आहे? तू माझी बहीण नसशील तरी चालेल, पण खोटं बोलू नको.

सुनील


धरणगाव
८ जानेवारी १९८९

सुपडू,

तुझं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. मायला म्हटलं थंडी फार आहे. तर ती म्हणाली, थंडीचं एवढं लांब लिवलं?

खोडलेली ओळ सांगते. मी लिहिलं होतं, "काही मनात आणू नको, तू मायचाच आहेस." पाकीट चिकटवलं. मायने विचारलं काय काय लिवलं, मी सगळं सांगितलं. तिने पाकीट फोडायला लावलं आणि समोर बसून ती ओळ खोडायला लावली. मला म्हणाली आणखी खोड, आणखी.

आता सगळं लिहिते. तू म्हणशील खोटं, पण मी तेव्हा मोठी होते, डोळ्यांनी बघितलंय.

तुझ्याआधी तीन मुलगे झाले. तिघांची नावं चांगली ठेवली होती, देवांची. तिघंही बारशानंतर थोड्याच दिवसांत गेले. लोक म्हणायला लागले, या घरातलं मूल सटवाईला दिसतं. तू झालास तेव्हा बेबाबाई सूप घेऊन मागच्या दाराने आली. तिची सात पोरं, एकालाही कधी खोकलासुद्धा नाही. मायने तुला सुपात घातलं आणि सूप तिच्या हातात दिलं. "तुना शे, ली जाय." बेबाबाई तुला घेऊन घराला वळसा घालून पुढच्या दारात आली आणि म्हणाली, माझा पोर आहे, संभाळतेस का बाई? माय म्हणाली, संभाळते. पुढे बरेच लोक मूल चालायला लागलं की दाणे देऊन परत विकत घेतात आणि मग आपलं म्हणतात. मायने घेतलंच नाही. तिची छातीच झाली नाही. बाप म्हणायचा, आता घे परत, पाच वर्षांचा झाला. माय म्हणायची, बघू पुढच्या आखाजीला. ती आखाजी आलीच नाही.

मायचं स्वतःचं नाव भिकुबाई आहे हे विसरलास का? तिलाही तिच्या आईने पदर पसरून भीक म्हणून मागून घेतलं होतं. तिला हे सगळं खेळ वाटत नाही.

तू आमचाच आहेस. ही ओळ मी तिला सांगणार नाही.

अक्का


राजकोट
२६ जानेवारी १९८९

अक्का,

आज सुट्टी आहे म्हणून लिहितो. तू सांगितलंस ते ऐकायला गोड आहे. लोटनला वाचून दाखवलं, तो म्हणाला, बरोबर, असंच करतात. पण अक्का, असंच सांगतातपण. तू एक मूल मागच्या दाराने जाताना बघितलं आणि एक मूल पुढच्या दाराने येताना बघितलं. घराला वळसा घालताना कोण बघत होतं?

मी उलटसुलट विचार करून थकलो. परवा मिस्त्रीने हाक मारली "सुनीलभाई", मी ओ दिली नाही, कारण मला खरंच कळलं नाही की मला हाक मारतोय. तो म्हणाला, नाव विसरलास की चोरीचं आहे? सगळे हसले. पण त्याने नंतर वॉचमनशी काहीतरी कुजबूज केली. मला इथेही कोणी खरं धरत नाही आणि तिथेही.

म्हणून शेवटचं मागतो. मायने एकदा म्हणावं. गुरुजींना, वाण्याला, गिरणीवाल्याला जे कधी सांगितलं नाही ते एकदा मला कळवावं, की मी तिचा आहे. तिच्या तोंडचे शब्द, तू जसेच्या तसे लिही. तेवढं आलं की आखाजीला येतो, सुपडू म्हणून येतो. नाही आलं तर एक ठेकेदार गांधीधामकडे माणसं नेतोय, त्याच्याबरोबर जातो. तिथून पत्ता कळवणार नाही. सुनील म्हणून जगेन, सुनीलला कोणीच नाही म्हणजे कोणाचा प्रश्नच नाही.

आणि बेबाबाईला कोणी काही विचारलं का? की तिलाही गप्प बसवलंय?

सुनील


धरणगाव
१९ फेब्रुवारी १९८९

सुपडू,

तू हट्टी आहेस हे तरी आमच्याच घरातलं आहे.

आधी बेबाबाईचं. मी गेल्या शनिवारी जळगावला गेले. तिचा मोठा डाळमिलमध्ये आहे, तिथेच मागे राहतात. तिला आता नीट दिसत नाही. मी तुझा संशय सांगितला तर ती एवढी हसली की सून बाहेर आली. म्हणाली, "मना ऱ्हाता ते मी कसाले देती? सात वाढाडात, एक बी कोनले दिन्हा नही." स्वतःचं पोर कोणी कशाला देईल, याचंच तिला हसू. मग तिने दोन गोष्टी सांगितल्या. त्या मलाही माहीत नव्हत्या.

एक. माय तुला आपल्या घरात पाजत नसे. तुला पदराखाली झाकून बेबाबाईच्या घरी न्यायची, तिच्या ओट्यावर बसायची आणि तिथे पाजायची. कोणी आलं तर म्हणायची, बेबाबाईला कामं फार, मी पाजते. बेबाबाई म्हणते, दूध पीत असताना ती तुझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, भिंतीकडे बघायची. पण हात तुझ्या पायावरून फिरत असायचा.

दुसरी. ते कपडे. सुपडू, ते वापरलेले नव्हते. माय दरवर्षी आखाजीच्या आधी तुझ्यासाठी कोरं कापड घेऊन शिवायची, तुझ्या मापाने, आणि बेबाबाईकडे पोचवायची. तिच्या मधल्या पोराला ते आठ-पंधरा दिवस घालायला लावायचे. त्याला आखूड व्हायचे, तो चिडायचा. मग एकदा धुऊन बेबाबाई वाजतगाजत आपल्या दारात आणून द्यायची, "माझ्या पोराचे जुने आहेत गं, घाल त्याला." आठव, ते तुला कधी ढगळ झाले होते का? मोठ्या पोराचे कपडे तुला बरोबर मापाचे कसे यायचे?

आता मायचं. तुझी अट मी तिला सांगितली. गांधीधामचंही सांगितलं. आज दुपारी माझ्याकडे आली, पदराखाली सूप होतं. तेच, तुझं, कडा उसवल्यात, तिने दोऱ्याने बांधून ठेवलंय. म्हणाली, कागद घे. दार लावून घेतलं. मग ते सूप तोंडासमोर धरलं, तसं धरलं की मला तिचे डोळेसुद्धा दिसत नव्हते, आणि सुपाच्या आडून म्हणाली,

"मना आंडोर. सुपडू मना आंडोर शे."

पोटचा मुलगा म्हणाली. मला वाटलं झालं. तर आतून परत आवाज आला, "लिवं का?" मी म्हटलं लिहिलं. म्हणाली, "आते लवकर टाकी ये. घरमा ठेवू नको." म्हणून ताजं ताजं पोस्टात टाकतेय. ती दारात उभी आहे, मी पेटी गाठेपर्यंत ती तिथेच उभी राहणार.

आखाजीला ये.

अक्का


राजकोट
११ एप्रिल १९८९

सौ. यशोदाबाईंस सुपडूचा नमस्कार,

पत्रास उशीर झाला, माफी असावी. आपले पत्र मिळाले. मला फार आनंद झाला. मी अगदी खुशाल आहे. कारखान्यात काम भरपूर आहे. मी आता सगळ्यांना माझे नाव सुपडू असे सांगितले आहे. मिस्त्री आणि वॉचमन पण तेच म्हणतात. मायला सांगावे की सुपडू खुशाल आहे, चिंता नसावी. गांधीधामला जाणार नाही.

हे पत्र लोटन लिहीत आहे कारण की माझ्या हाताला कामाची काजळी फार लागते व कागद खराब होतो. दुसरे काही कारण नाही.

मायने ते शब्द परत कोणासमोर बोलू नयेत. घरातसुद्धा नको. ही मुख्य गोष्ट आहे.

कळावे,
सुपडू (लोटनच्या हस्ते)


धरणगाव
१९ एप्रिल १९८९

सुपडू,

तुझ्या हाताला काय झालं?

काजळीचं मला सांगू नको. सुरतला मशीनच्या तेलात बुडालेला असायचास तेव्हाही पत्र तूच लिहायचास, तेलाचे डाग घेऊन यायची पत्रं. आणि "माफी असावी" तू जन्मात लिहिणार नाहीस.

मी मायला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण कागद तिने हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग म्हणाली, "हाऊ त्याना हात नही. त्याना अक्षरं भांडतस. ह्या गुपचूप बसेल शेतस." मी म्हटलं, अगं आता तो सुधारला, सावकाश लिहितो. तिने मान हलवली, पण तेव्हापासून ती मला रोज विचारते, मी सूप नीट धरलं होतं ना? एखाद्या फटीतून आवाज गेला असेल का? तिने सुपाची उसवलेली कड परत बांधायला घेतली आहे.

मला खरं कळव. मी एकटी वाचेन.

अक्का


राजकोट
२८ एप्रिल १९८९

अक्का,

वरची घडी तू एकटीने वाच. खालच्या घडीवर मी रेघ मारली आहे, ती मायची.

अक्षर बघून घाबरू नको, हे माझ्याच उजव्या हाताचं आहे. दोन बोटं अजून वाकत नाहीत. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत. मी उभ्या उभ्या वाचलं. ते शर्टांचं वाचलं तेव्हा हसलो, आणि सुपाच्या आडचं वाचलं तेव्हा भिंतीकडे तोंड केलं. कागद खिशात ठेवला आणि कामावर गेलो. एका साच्याची वाळू ओली राहिली होती. ओली वाळू आणि लोखंडाचा रस भेटले की साचा फुटतो, रस वर उडतो. माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आला. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. वाळू तपासायचं काम माझंच होतं. मी मनाने घरी होतो.

मला माहीत आहे ओल्या वाळूने काय होतं. सटवाईला फाउंड्रीचा पत्ता कुठून मिळणार. पण दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, नाम? मी म्हटलं, सुपडू. लोटन बाजूला होता, त्याने चमकून बघितलं, कारण कारखान्याचे दोघं सोबत होते, त्यांच्यासाठी मी सुनील. मिस्त्री म्हणाला, काय म्हणालास? मी म्हटलं, सुपडू. ज्याचं कार्ड आलं होतं तो मीच. हसायचं तर आता हसून घ्या. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, सूपडामां बेसीने आव्यो छे, हवे बचवानो छे. म्हणजे सुपात बसून आलाय, हा वाचणार. त्यांच्याकडेही असं कोणीतरी असेल, मी विचारलं नाही.

मग त्या माणसाने विचारलं, किसके लडके हो? अक्का, मला हात असा जळत होता की दात वाजत होते. तरी माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "बेबाबाईचा." मी विचार करून बोललो नाही. मला भीती वाटली. खरं बोललो तर कोणी ऐकेल अशी. तेव्हा मला माय कळली. शाळेत, गिरणीत, वाण्याकडे ती थट्टा करत नव्हती. मला दवाखान्यात वाटली तशी भीती ती रोज वाहत होती, आणि मी तिला अट घातली.

म्हणून हे तिला कधी सांगायचं नाही. तिला कळलं तर ती म्हणेल, मी बोलले म्हणून झालं. मरेपर्यंत तेच म्हणेल. मी तिला दुसरं पटवू शकणार नाही, कारण मला स्वतःलाच पूर्ण पटत नाही. पूर्ण बाहीचा शर्ट घालून येईन, उकाड्यात कोणी हसलं तर म्हणेन राजकोटची फॅशन आहे. भाकरी डाव्या हाताने मोडायला शिकतोय. तू ताटावर माझ्या उजव्या बाजूला बस.

- - - - - - - - - - - -

मायला वाच, जोरात, दार उघडं ठेवून, शेजारच्यांना ऐकू जाईल असं:

भिकुबाई, नमस्कार. बेबाबाईचा सुपडू आखाजीला येतोय. पत्र दुसऱ्याने लिहिलं कारण माझं पेन हरवलं होतं, आता सापडलं, बघ अक्षरं भांडायला लागली. तू मला संभाळतेस म्हणून मी तुझ्याकडेच उतरेन, बेबाबाईकडे जागा नाही, सात पोरं आहेत. मला परत विकत घ्यायचा विषय या आखाजीलाही काढू नको. पुढच्या आखाजीला बघू. सूप जपून ठेव. दारात आलो की कोणी विचारेल कोण आला, तेव्हा नेहमीचं सांग.

जळगावला उतरून आधी बेबाबाईच्या पाया पडेन, मग तिथून धरणगावला येईन, म्हणजे तिच्याकडूनच आल्यासारखं होईल.

आखाजीसाठी कोरा शर्ट घेतला आहे, पूर्ण बाहीचा, निळा. सध्या तो लोटन घालून फिरतोय. त्याला खांद्यात आखूड होतो म्हणून कुरकुर करतो. निघायच्या आदल्या दिवशी एकदा धुऊन त्याच्याकडून घेईन.

बेबाबाईचा,
सुपडू

ता.क. पाकिटावर सुपडूच लिही. पोस्टमनला आता ठाऊक आहे.